‘गोअरिंग’ म्हणजे शिडाचा तिरका काप, नाझी गोअरिंगशी त्याचा संबंध नाही

डोलकाठी:

नमस्कार मंडळी. हा धागा थोडा रागातून काढतोय.

जुन्या शिडाच्या जहाजांवर मुलांसाठी एक लेख लिहिला होता. अंक हातात पडला आणि लेखाखाली मी न लिहिलेली तळटीप दिसली. मी मजकुरात लिहिलं होतं की चौकोनी शिडाच्या दोन्ही बाजूंना जी कापडं तिरकी कापून जोडतात, त्यांना इंग्रज खलाशी ‘गोअरिंग’ म्हणत. खाली तळटीप: ‘हर्मान गोअरिंग या नाझी नेत्याच्या नावावरून.’

अंकाचं नाव घेत नाही. कुणीतरी भल्या हेतूनंच, मुलांना माहिती मिळावी म्हणून ती ओळ घातली असणार. पण तो अंक वाचून आमच्या इमारतीतली आठवीतली मुलगी मला जिन्यात भेटली आणि म्हणाली, “काका, इतक्या वाईट माणसाचं नाव शिडाला का दिलं? आणि नंतर बदललं का नाही?” प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचं मूळ माझ्या नावानं छापलेल्या पानात होतं. ते मला सहन होत नाही.

तर आधी तारखा. हर्मान गोअरिंगचा जन्म १८९३ चा, बव्हेरियातल्या रोझेनहाइमचा. विल्यम फाल्कनर नावाच्या खलाशानं इंग्रजीतला मोठा नौकाकोश छापला १७६९ मध्ये, आणि त्यात ‘गोअरिंग’ हा शब्द स्वतंत्र नोंद म्हणून आहे. अर्थ दिलाय: शिडाच्या कडेचा तो भाग, जिथे शीड वरून खाली हळूहळू रुंद होत जातं. म्हणजे माणूस जन्मण्याच्या सव्वाशे वर्षं आधी शब्द कोशात होता, आणि शीड शिवणाऱ्यांच्या तोंडात त्याच्याही कितीतरी आधीपासून असणार. (हा फाल्कनर त्याच वर्षअखेरीस भारताकडे निघालेल्या ‘ऑरोरा’ जहाजावर होता. केपटाउन सोडल्यावर ते जहाज कुणालाच पुन्हा दिसलं नाही. कोश मागे राहिला.)

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, दुरुस्ती छापून यावी म्हणून पत्र लिहितोय, त्यात काय घालू ते सुचवा. दोन, या शब्दाला मराठीत काय म्हणायचं? देवनागरीत दोन्ही ‘गोअरिंग’ एकसारखेच दिसतात, घोळ तिथूनच सुरू झाला.

पाटीपेन्सिल:

तुमची तळमळ समजते, पण मला वाटतं शब्द बदलायची गरज नाही. पारिभाषिक शब्द आहे तसा ठेवावा आणि खरी तळटीप द्यावी. मी शाळेत शिकवते. मुलांना एकसारखे दिसणारे दोन शब्द वेगळे असतात हे समजतं. ‘कर’ म्हणजे हात आणि ‘कर’ म्हणजे सरकारला भरायचा पैसा, यात त्यांचा गोंधळ होत नाही.

राईनकाठ:

मी गेली अकरा वर्षं जर्मनीत आहे, म्हणून उच्चाराबद्दल सांगतो. त्या माणसाच्या आडनावात ‘ओ’ नाहीच. डोक्यावर दोन टिंबं असलेला तो स्वर म्हणायचा तर ‘ए’ म्हणायला जीभ लावा आणि ओठ मात्र ‘ओ’ सारखे गोल करा. हा स्वर मराठीत नाही. म्हणूनच आपण त्यांच्या महाकवीला ‘गटे’ लिहितो, इंग्रज वेगळंच काही म्हणतो आणि इथला शेजारी तिसरंच. जर्मन लोक टिंबं देता आली नाहीत की ‘ओ’च्या पुढे ‘ई’ लावतात, ते स्पेलिंग इंग्रजीतून आपल्याकडे आलं आणि आपण ‘ओ’ आणि ‘ए’ सुटे वाचून ‘गोअरिंग’ केलं. मी स्वतः ‘ग्योरिंग’ लिहितो. तेही पुरतं बरोबर नाही, पण निदान शिडापासून वेगळं दिसतं.

म्हणजे डोलकाठी, तुमचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो. माणूस ‘ग्योरिंग’, कापड ‘गोअरिंग’.

शब्दवेडी:

थांबा थांबा, गंमत पुढेच आहे! दोन्ही शब्द एकमेकांवरून आलेले नाहीत हे खरं, पण फार मागे गेलं तर ते एकाच गावात भेटतात.

जुन्या इंग्रजीत ‘गार’ म्हणजे भाला. भाल्याचं पातं तिकोनी, म्हणून शेताच्या तिकोनी तुकड्याला ‘गारा’ म्हणत. पुढे कापडाच्या तिकोनी तुकड्यालाही तोच शब्द लागला, त्याचं ‘गोअर’ झालं. बैल शिंग खुपसतो त्या क्रियेलाही इंग्रजीत ‘गोअर’ म्हणतात, तेही भाल्यावरूनच. रक्त या अर्थाचा ‘गोअर’ मात्र वेगळ्या मुळाचा आहे, त्याचा मूळ अर्थ घाण, शेण.

आणि लसूण! इंग्रजीतला ‘गार्लिक’ म्हणजे ‘भाल्याची पात’. पाकळी हातात घेऊन बघा, भाल्याचं टोकच.

आता जर्मन. तिथे भाल्याला ‘गेर’. गेरहार्ड, गेर्ट्रूड ही नावं त्यावरून. ग्योरिंग हे आडनावही अशाच एखाद्या ‘गेर’नं सुरू होणाऱ्या नावावरून, ‘त्याच्या घराण्यातला’ अशा अर्थानं आलेलं मानतात. इंग्लंडमध्ये थेम्सच्या काठी आणि ससेक्सच्या किनाऱ्यावर गोअरिंग नावाची दोन गावं आहेत. १०८६ च्या जमीनमोजणीच्या दप्तरात ती ‘गारिंगेस’ म्हणून आहेत, म्हणजे गारा नावाच्या कुणाची मंडळी. त्या गावच्या लोकांना १९४० मध्ये काय वाटलं असेल असा विचार मनात येतो.

तेव्हा पत्रात लिहा: आडनावातला भाला हा योद्ध्याच्या हातातला, शिडातला भाला फक्त आकारापुरता.

राईनकाठ:

शब्दवेडी, सुंदर. आडनावाचा विषय निघालाच आहे तर एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. हर्मानला अल्बर्ट नावाचा धाकटा भाऊ होता, जन्म १८९५. हा नाझींच्या ठाम विरोधात. स्कोडा कारखान्यात निर्यातीचं काम बघायचा आणि भावाच्या आडनावाचा दबदबा वापरून ज्यूंना आणि विरोधकांना सोडवायचा, देशाबाहेर पोचवायचा. युद्ध संपल्यावर त्याच आडनावापायी दोस्त राष्ट्रांनी त्याला तुरुंगात ठेवलं. ज्यांना वाचवलं त्यांनी साक्षी दिल्या तेव्हा सुटला. पुढे जर्मनीत त्याला धड नोकरी मिळाली नाही. नाव बदलायलाही तयार नव्हता. १९६६ मध्ये गेला, जवळजवळ कुणाच्या खिजगणतीत नसताना.

मी हे का लिहितोय? कारण आडनाव बघून गोष्ट पक्की करण्याची सवय त्या माणसाचं आयुष्य खाऊन गेली. तळटीप लिहिणाऱ्यानंही तेच केलं, फक्त माणसाऐवजी कापडाशी.

पाटीपेन्सिल:

अल्बर्टबद्दल काहीच माहीत नव्हतं. वर्गात नक्की सांगेन. माझं मत मात्र अजून तेच, शब्द ठेवा.

मालवण_किनारा:

ह्या ग्योरिंगाक शिडाचो काय गंध नव्हतो काय? सहज विचारतंय.

राईनकाठ:

दादा, त्याची नौका होती, ‘कारिन २’. मेलेल्या पहिल्या बायकोचं नाव दिलेलं. १९३७ मध्ये जर्मन मोटार उद्योगानं भेट दिलेली. पण ती इंजिनावर चालणारी मोटरबोट, शिडाची नव्हे. पुढे ती ब्रिटिशांच्या ताब्यात गेली, नंतर त्याच्या विधवेला परत मिळाली, आणि १९७० च्या दशकात ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाच्या एका पत्रकारानं घेतली. तोच पत्रकार ज्यानं १९८३ मध्ये हिटलरच्या बनावट डायऱ्या खऱ्या म्हणून आणल्या. म्हणजे त्या माणसाचा समुद्राशी जेवढा संबंध आला, तोही डिझेलच्या वासाचा.

सुईदोरा:

मी गेली सव्वीस वर्षं शिवणवर्ग घेते. जहाजातलं मला काही कळत नाही, पण डोलकाठी, तुम्ही ज्याला गोअरिंग म्हणताय ती आमची कळी नाही का? वरून अरुंद, खाली रुंद. सहा कळ्यांचा परकर घ्या. कमरेला माप कमी, घेराला जास्त, मधला फरक कळीच्या तिरक्या बाजूतून येतो. आणि तिरक्या कापाला उरेब म्हणतात, हे माझ्या पहिल्या दिवशीच्या मुलींनाही ठाऊक असतं.

तुमच्या शिडाची मापं द्या बरं. वर किती, खाली किती, उंची किती. मग सांगते.

डोलकाठी:

सुईदोराताई, उडालोच! कळी! इतकी वर्षं या विषयात आहे आणि हा शब्द डोक्यात आला नाही.

मापं घ्या, एका खऱ्या शिडाची. २१ ऑक्टोबर १८०५ ला ट्रफाल्गारच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर पुढच्या डोलकाठीचं जे वरचं मोठं शीड होतं, ते आजही पोर्टस्मथला जपून ठेवलंय. तोफगोळ्यांनी आणि गोळ्यांनी पडलेली नव्वदच्या आसपास भोकं त्यात आहेत. वरची कड ५४ फूट, खालची ८० फूट, उंची ५४ फूट. क्षेत्रफळ ३,६१८ चौरस फूट. कापड जवसाच्या धाग्याचं, जाड. त्या काळी शिडाच्या कापडाचा पन्हा साधारण २४ इंच असायचा आणि पट्ट्या उभ्या जोडायचे.

सुईदोरा:

आता बोला. कागद घेऊन बसले.

वर ५४, खाली ८०, फरक २६. दोन्ही बाजूंना वाटला तर प्रत्येक बाजूला १३ फूट वाढ. पन्हा २ फूट, म्हणजे एका बाजूला साडेसहा पट्ट्या तिरक्या येणार, मधल्या सत्तावीस सरळ. शिवणीत जाणारं धरलेलं नाही, ते धरलं तर पट्ट्या वाढतील. ५४ फूट उंचीत १३ फूट पसरायचं, म्हणजे २ फुटांच्या एका पट्टीची एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे सव्वाआठ फूट लांब. सव्वाआठ फूट! एवढा लांब उरेब मी आयुष्यात कापलेला नाही. आणि अशा एकेका बाजूला सहा-सात पायऱ्यापायऱ्यांनी लहान होत जाणार, सगळ्यात बाहेरची तर टोकदार तिकोनीच.

कापड वाया जातं का? नाही. एकाच पट्टीला मधे एक तिरका काप दिला की दोन टोकं तयार होतात, एक डाव्या बाजूला, दुसरं उलटवून उजव्या बाजूला. आम्ही परकराच्या दोन कळ्या एका आयतातून अशाच उलटसुलट काढतो. शिडाच्या कापडाला सुलट-उलट नसेल तर काहीच अडचण नाही.

एक फरक मात्र आहे, आणि तो महत्त्वाचा. परकरात मी एका कळीची उरेब बाजू शेजारच्या कळीच्या सरळ बाजूला जोडते, कारण उरेब एकटा सोडला की लोंबतो, घेर वेडावाकडा होतो. तुमच्या शिडात सरळ काठ सरळ काठाला जोडलेला दिसतोय आणि उरेब सगळा बाहेर, वाऱ्याच्या तोंडी. तो ताणून फाटत कसा नाही?

डोलकाठी:

ताई, नेमका प्रश्न. म्हणूनच शिडाच्या चारही कडांना दोर शिवतात. कापडाऐवजी दोर ताण घेतो. तिरक्या कडेला दोर शिवताना कापड किती सैल धरायचं यावर शीड शिवणाऱ्याचा कस लागायचा. कमी सैल धरलं तर कापडावर ताण येतो, जास्त धरलं तर कड सुरकुतते आणि वारा निसटतो. हातात चामड्याचा पंजा घालून त्यातल्या धातूच्या चकतीनं सुई दाबायची, दोऱ्याला मेण लावलेलं. १७९४ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड स्टील यानं छापलेल्या ग्रंथात तर कुठल्या शिडाला किती तिरकं कापायचं याची कोष्टकं आहेत.

मालवण_किनारा:

आता माका बोलूचा आसा, पण सगळ्यांका कळूक होया म्हणून मराठीत लिहितो.

माझे आजोबा मचव्यांची शिडं शिवायचे. आमची शिडं चौकोनी नव्हती. तिरक्या लांब काठीला बांधलेलं, पुढची बाजू आखूड, मागची लांब. ओहोटीला घट्ट झालेल्या वाळूवर मांजरपाट पसरायचे. चार खुंट्या ठोकून सुतळी ताणायची, तीच शिडाची कड. मग कोळशानं रेघ. सगळं माप वितीनं आणि हातानं. मी सुतळीचं टोक धरून बसायचो आणि वारा आला की ओरडा खायचो, कारण सुतळी हलली की रेघ हलली. दाभणाला मेणाचा दोरा. तिरक्या कडेवर ते टाके जवळजवळ घालायचे आणि दोर वळवत वळवत शिवायचे. एकदा मी विचारलं, एवढे टाके कशाला? म्हणाले, “तिरका कापड खोटा बोलता. सुकताना एक माप सांगता, वारो भरलो काय दुसरा.”

ते त्याला काय नाव देत होते हे मला आठवत नाही. मी तेव्हा नऊ वर्षांचा. कळी म्हणत नव्हते एवढं नक्की. पण सुईदोराताईंनी जे गणित मांडलं ते ते वाळूवर करत होते, ते वाचताना मला आजोबांचे हात दिसले.

शब्दवेडी:

दादा, “तिरका कापड खोटा बोलता” हे वाक्य मी वहीत उतरून घेतलं.

पाटीपेन्सिल:

मी हरले. नाही, मनापासून सांगते, मत बदललं. ‘गोअरिंग’ शब्दाखाली कितीही चांगली तळटीप दिली तरी मुलाच्या डोळ्यासमोर काहीच उभं राहत नाही. ‘कळी’ म्हटलं की आईचा परकर, ताईचा घागरा, छत्रीचे तुकडे, सगळं उभं राहतं. पॅराशूट आणि गरम हवेचा फुगाही अशाच तुकड्यांचा असतो ना?

डोलकाठी:

हो, आणि त्या तुकड्यांनाही इंग्रजीत ‘गोअर’च म्हणतात. पृथ्वीचा गोल बनवताना कागदावर जे नकाशाचे होडीसारखे पट्टे छापून चिकटवतात, त्यांनाही.

एक आपल्या जवळचं. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे, मलबारच्या सागवानाचं. त्याची वरची शिडंही अशीच वर अरुंद, खाली रुंद. आणि आपल्या नौदलाचं ‘तरंगिणी’, गोवा शिपयार्डनं बांधलेलं, १९९७ मध्ये दाखल झालेलं. तीन डोलकाठ्या, पुढच्या दोन काठ्यांवर चौकोनी शिडं. कधी मुंबईत किंवा कोचीला ते शिडं सोडून उभं दिसलं तर वरच्या शिडाची कड बघा. सरळ खाली येत नाही, बाहेर झुकते.

पत्राचा मसुदा असा केलाय, बघा:

‘अंकातील तळटीप चुकीची आहे. शिडाच्या ज्या भागाला इंग्रजीत गोअरिंग म्हणतात तो शब्द १७६९ च्या नौकाकोशात आहे. नाझी नेता हर्मान ग्योरिंग याचा जन्म १८९३ चा. शब्दाचं मूळ भाल्याच्या तिकोनी पात्यात आहे. मराठीत याला शिडाची कळी म्हणावं. शीड वर अरुंद आणि खाली रुंद व्हावं म्हणून कडेच्या पट्ट्या उरेब कापतात, त्या या कळ्या.’

राईनकाठ:

‘नाझी नेता’ एवढंच नको. मुलं वाचणार आहेत. हवाई दलाचा प्रमुख होता, न्यूरेंबर्गच्या खटल्यात दोषी ठरला, फाशीच्या काही तास आधी १५ ऑक्टोबर १९४६ ला त्यानं विष घेतलं, एवढं एका वाक्यात असू द्या. नाव आलंच आहे तर तो कोण होता हे धड कळावं.

डोलकाठी:

मान्य. घालतो.

सुईदोरा:

आणि ‘कळी’चं चित्र द्या. कागदाची दोन इंची पट्टी घ्यायला सांगा, सव्वाआठ इंचांचा तिरका काप द्यायला सांगा, एक तुकडा उलटवून दुसऱ्या बाजूला लावायला सांगा. मी आज वर्गातल्या मुलींकडून जुन्या चादरीवर करून घेतलं. सहा पट्ट्या डावीकडे, सहा उजवीकडे, मधे दहा सरळ. खिडकीला बांधलं. कडेला दोर लावला नव्हता, तर संध्याकाळपर्यंत डावा उरेब बोटभर लोंबला होता. मालवणदादांच्या आजोबांचं वाक्य मुलींना तिथेच वाचून दाखवलं.

मालवण_किनारा:

ताई, उद्या दोर लावलात की फोटो टाका. टाके जवळ घाला, आणि दोर पाण्यात भिजवून, ताणून, सुकवून मगच लावा. नाहीतर पहिल्या पावसात आखडेल.